दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया : पहिले छिद्र सुईने की छेद घेऊन?

प्रश्न — कृष्णाकाठ

माझ्या आईचे वय ६२ वर्षे असून तिच्या पित्ताशयात खडे असल्याचे सोनोग्राफीत आढळले आहे. उजव्या बरगडीखाली वारंवार कळा येत असल्यामुळे पित्ताशय काढून टाकावे, यावर आम्ही दाखवलेल्या दोन्ही सर्जनांचे एकमत आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच व्हावी, हेही दोघांना मान्य आहे. मतभेद आहे तो फक्त पोटात पहिले छिद्र कसे करायचे, या एका मुद्द्यावर.

आई अंगाने अगदी बारीक आहे. तिचे वजन ४३ किलो आहे. माझ्या जन्माच्या वेळी तिचे सिझेरियन झाले होते आणि त्याचा उभा व्रण बेंबीखाली आहे. सांगलीतील सर्जनांनी सांगितले की ते ओपन पद्धतीने, म्हणजे बेंबीपाशी लहान छेद घेऊन एकेक थर डोळ्यांदेखत उघडतील आणि मगच नळी आत घालतील. पुण्यातील सर्जन म्हणाले की ते सुरुवातीला बेंबीला हातच लावणार नाहीत, तर डाव्या बरगडीखालून सुई घालून पोटात वायू भरतील. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही दुसऱ्याच्या पद्धतीला नावे ठेवली नाहीत, त्यामुळे आमचा गोंधळ उलट वाढला. त्यातच मोठे मामा ‘ओपन’ एवढेच ऐकून पोट मोठे उघडणार, असे धरून बसले आहेत.

या दोन पद्धतींपैकी कोणती अधिक सुरक्षित आहे, जुन्या व्रणामुळे किती फरक पडतो आणि निर्णय घेण्यापूर्वी सर्जनांना आम्ही नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ — तालुक्याचा सर्जन

मामांची शंका आधी दूर करतो. येथे ओपन म्हणजे केवळ पहिली नळी बसवण्याची रीत. छेद दीड-दोन सेंटीमीटरचा असतो, तो बहुधा बेंबीच्या वळीतच लपतो आणि पुढची सारी शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच होते.

आता या एका छिद्राचे एवढे महत्त्व का, ते पाहू. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत साधारणपणे चार छिद्रे असतात. दुसरे, तिसरे आणि चौथे छिद्र करताना कॅमेरा आत पोहोचलेला असतो आणि ट्रोकारचे (पोटाची भिंत भेदून नळी आत नेणाऱ्या दांडीचे) टोक पडद्यावर दिसत असते. पहिल्या छिद्राच्या वेळी ही सोय नसते. बेंबीच्या साधारण पातळीवर, कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) दुभंगते आणि सडपातळ माणसात बेंबी व ही रक्तवाहिनी यांच्यात अवघे दोन-तीन सेंटीमीटर अंतर असू शकते. लठ्ठ रुग्णाची धास्ती सगळेच घेतात, पण बेंबीतून सुई घालायची असेल तर मला आपल्या आईंसारख्या ४३ किलो वजनाच्या रुग्णाची काळजी अधिक वाटते.

मी स्वतः छेद घेऊनच आत जातो. ही पद्धत शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॅरिथ हॅसन यांनी १९७१ मध्ये मांडली. बेंबीचा तळ चिमट्यात धरून वर उचलला की तेथे पोटाची भिंत सर्वांत पातळ असते, कारण त्या जागी स्नायूही नसतो आणि फारशी चरबीही नसते. त्वचा, त्याखालचे चिवट पांढरे आवरण आणि पोटाचा आतला पडदा जवळजवळ एकमेकांना लागून असतात. त्वचा कापून ते पांढरे आवरण स्वच्छ दिसू लागले की त्याच्या दोन्ही कडांना एकेक टाका घालून ते ताणून धरायचे, मधोमध छोटा छेद घ्यायचा, आतला पडदा दोन बारीक चिमट्यांमध्ये उचलून कात्रीने उघडायचा आणि करंगळी आत घालून चहूबाजूंनी फिरवायची. आतडे किंवा वपा (आतड्यांवरचा चरबीचा पदर) तेथे चिकटलेली असेल तर ते बोटाला लगेच कळते. त्यानंतर बोथट टोकाची नळी आत जाते आणि त्याच दोन टाक्यांनी ती जागच्या जागी आवळून बांधता येते. शेवटी आवरण शिवायलाही तेच टाके उपयोगी पडतात. तोटे आहेतच: काही मिनिटे जास्त लागतात, जाड पोटात खोल उतरताना दमछाक होते आणि छेद थोडा मोठा झाला तर वायू गळत राहतो.

आकडे हवे असतील तर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा सांगतो. त्यात सुईने वायू भरून केलेल्या सुमारे ४ लाख ८९ हजार शस्त्रक्रियांमध्ये रक्तवाहिनीला इजा होण्याचे प्रमाण ०.०७५ टक्के आणि आतड्यासारख्या अवयवाला इजा होण्याचे प्रमाण ०.०८३ टक्के होते. छेद घेऊन केलेल्या १२,४४४ शस्त्रक्रियांमध्ये रक्तवाहिनीची इजा एकही नव्हती, तर अवयवांची इजा ०.०४८ टक्के होती. सुईचेच प्रमाण लागू केले असते तर या १२,४४४ रुग्णांमध्ये रक्तवाहिनीच्या नऊ-एक इजा दिसायला हव्या होत्या. त्या शून्य दिसतात, म्हणून हा फरक मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आतड्याला इजा छेद घेतानाही होऊ शकते, हे मी लपवत नाही. पण ती बहुधा डोळ्यांसमोर होते आणि तिथल्या तिथे शिवता येते.

आईंच्या व्रणाबद्दल महत्त्वाचे एवढेच की त्याचे वरचे टोक बेंबीला भिडले आहे की बेंबीपासून दोन-तीन बोटे खालीच थांबले आहे, हे पाहावे लागेल. भिडले असेल तर मी बेंबीच्या वरच्या कडेने, व्रणापासून दूर जाऊन छेद घेईन.

प्रतिसाद २ — सातपुडा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ असून विदर्भात काम करते. वरील प्रतिसादातील शस्त्रक्रियेचे वर्णन अचूक आहे, पण आकड्यांतून काढलेला निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो.

१९९७ च्या त्या आढाव्यातील दोन गट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. सुईच्या गटात निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या अनुभवाचे, नवशिकेसुद्धा हात होते. छेदाच्या गटात प्रामुख्याने त्या पद्धतीत मुरलेल्या लोकांचे काम होते. शिवाय १२,४४४ च्या ०.०४८ टक्के म्हणजे फक्त सहा रुग्ण. सुईच्या प्रमाणाने तेथे दहा असायला हवे होते. सहा आणि दहा यांतल्या फरकावरून आतड्याच्या सुरक्षिततेबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही. रक्तवाहिनीबाबतचा आपला मुद्दा मला मान्य आहे, आतड्याबाबतचा नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ५७ चाचण्या आणि ९,८६५ रुग्ण होते. त्यातही मोठ्या इजा टाळण्यात अमुक एक पद्धत सरस आहे, असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. हजारात एकाहूनही कमी वेळा घडणाऱ्या गोष्टीतला फरक सिद्ध करायला काही लाख रुग्णांची चाचणी लागेल आणि ती कोणी करेल असे दिसत नाही. तोपर्यंत ज्याला गुरूने जे शिकवले, तेच तो करत राहणार, आणि त्यात मला फारसे वावगेही वाटत नाही. ज्या हाताला सुईची सवय आहे त्याने केवळ नातेवाइकांच्या आग्रहाखातर छेद घ्यावा किंवा याच्या उलट करावे, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

सुईबद्दलही थोडे सांगते, कारण तिचे नाव निघाले की लोकांना ती आंधळी खुपसाखुपसी वाटते. हंगेरीतील डॉ. यानोश व्हेरेस यांनी १९३० च्या दशकात ती बनवली ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी. तिच्या धारदार टोकाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली एक बोथट दांडी असते. कठीण थर भेदताना दांडी मागे सरकते आणि मोकळी जागा लागताच पुढे येऊन धारेला झाकते. बेंबीतून जाताना दोन खटके हाताला जाणवतात. पण त्या खटक्यांवर किंवा सुईच्या तोंडाशी ठेवलेला सलाइनचा थेंब आत ओढला गेला की नाही, यावर मी फारशी भिस्त ठेवत नाही. मी वायूचे यंत्र पाहते. सुरुवातीचा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल आणि वायू विनासायास वाहत असेल तर सुई योग्य जागी आहे; दाब चढा असेल तर सुई बाहेर काढायची. आत असताना ती इकडेतिकडे हलवून पाहणे ही फार वाईट सवय आहे, कारण सुईने पडलेले बारीकसे छिद्र त्या हालचालीने फाटून मोठे होते. दोन प्रयत्न फसले तर जागा किंवा पद्धत बदलायची.

सुईपेक्षा तिच्यानंतर जाणारा धारदार ट्रोकार अधिक इजा करू शकतो. म्हणून आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ ट्रोकार घालण्यापुरता पोटातील दाब २० ते २५ पर्यंत वाढवतो. यामागे मोजमाप आहे: बेंबीवर तीन किलोचा जोर दिला असता १० च्या दाबाला आत जेमतेम ०.६ सेंटीमीटर मोकळी जागा उरते, २५ च्या दाबाला ती सरासरी ५.६ सेंटीमीटर राहते. ट्रोकार आत गेला की दाब पुन्हा १२ ते १५ वर आणायचा. अनेक जनरल सर्जन हे करत नाहीत आणि ते का करत नाहीत, हे मला आजवर समजलेले नाही.

पुण्याच्या सर्जनांनी सुचवलेली डाव्या बरगडीखालची जागा फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञ राऊल पामर यांच्या नावाने ओळखली जाते. कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली आले की बरगडीच्या कडेपासून तीन सेंटीमीटरवर ती येते. बेंबीजवळून गेलेल्या उभ्या व्रणानंतर जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये बेंबीमागे काही ना काही चिकटलेले सापडते. बिकिनी लाइनमधील आडव्या व्रणानंतर हे प्रमाण सुमारे २३ टक्के असते. पामर बिंदूपाशी मात्र चिकटलेले काही सापडणे विरळा. त्यामुळे बारीक अंगकाठी आणि उभा व्रण अशा दोन्ही गोष्टी असलेल्या आपल्या आईंच्या बाबतीत ही सूचना अगदी शास्त्रशुद्ध आहे. अट एवढीच की पोटात नळी घालून जठर आधी रिकामे केलेले असावे आणि प्लीहा वाढलेली नसावी. आमच्याकडे ही दुसरी अट फार जपावी लागते. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये पित्ताचे खडे तरुणपणीच होतात, आणि मध्य भारतातील या रुग्णांची प्लीहा मोठेपणीही पुष्कळदा वाढलेलीच राहते. अशा रुग्णात डावी बरगडी हीच सर्वांत वाईट जागा ठरते आणि तेथे मीसुद्धा बेंबीपाशी छेद घेणाऱ्या सहकाऱ्याला बोलावते.

प्रतिसाद ३ — भूलतज्ज्ञ, कोल्हापूर

टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण त्या नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही.

पहिली सुई किंवा नळी जाईपर्यंत टेबल सपाट असावे. डोके खाली झुकवले की महारोहिणीचा फाटा बेंबीच्या अधिक समोर येतो, म्हणून टेबल वाकवायचे ते कॅमेऱ्यातून आत पाहून झाल्यावरच. रुग्ण पूर्ण शिथिल झालेला असावा, हे आमचे काम. ताणलेल्या पोटावर जोर करावा लागला की हात अचानक आत घुसतो.

वायू भरताना पोटाचा पडदा ताणला जातो आणि त्यामुळे काही रुग्णांचे हृदयाचे ठोके एकाएकी मंदावतात. अशा वेळी वायू सोडून दिला की बहुतेकांचे ठोके लगेच पूर्ववत होतात. त्यासाठी पहिली काही मिनिटे वायू सावकाश भरावा, एवढेच आमचे सर्जनांकडे मागणे असते. वायू रक्तवाहिनीत जाणे अतिशय दुर्मीळ आहे, पण तसे झाले तर रक्तदाब आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दोन्ही एकदम कोसळतात. कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो, म्हणूनच साध्या हवेऐवजी तो वापरतात.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पोटाच्या मागच्या पडद्याआड होणारा रक्तस्राव. कॅमेऱ्यात पोट स्वच्छ दिसते, सर्जन निर्धास्त असतात आणि इकडे नाडी वाढत व रक्तदाब उतरत जातो. अशा वेळी भूलतज्ज्ञाने “काहीतरी बिनसले आहे” असे म्हटल्यावर ज्या थिएटरमध्ये लगेच पोट उघडण्याची तयारी सुरू होते, तेथे रुग्ण वाचतो. म्हणून आपण पद्धतीचे नाव विचारा, पण पोट उघडण्याचे साहित्य थिएटरमध्ये मांडलेले असते का, रक्ताची सोय किती वेळात होते आणि गरज पडल्यास रक्तवाहिन्यांचे सर्जन कोठून येतात, हेही विचारा. संमतिपत्रात “गरज पडल्यास पोट उघडून” असे वाक्य असते. ते वाचून घाबरू नका, ते नसेल तरच चिंता करा.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आईच्या व्रणाचे वरचे टोक बेंबीपासून साधारण एक बोट खाली आहे. सोनोग्राफीत प्लीहा सामान्य असल्याचे लिहिले आहे. आपल्या सर्वांचे वाचून आम्ही सांगलीतच शस्त्रक्रिया करण्याकडे झुकलो आहोत, कारण तेथील सर्जन वर्षानुवर्षे छेदाचीच पद्धत वापरत आले आहेत आणि मोठे रुग्णालयही जवळ आहे. दोन शंका उरल्या आहेत. बेंबीमागे आतडे चिकटले आहे की नाही, हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? आणि पहिल्या छिद्राच्या वेळी झालेली इजा टेबलावर लक्षात आली नाही, तर घरी गेल्यावर आम्हाला ती कशी ओळखता येईल?

तालुक्याचा सर्जन

सातपुडाताईंचा आतड्याबाबतचा आक्षेप मला मान्य आहे. वाढीव दाबाचे म्हणाल तर आम्ही छेद घेणारे धारदार ट्रोकार आंधळेपणाने घालतच नाही, त्यामुळे आम्हाला त्याची गरज पडत नाही. सुई वापरणाऱ्या जनरल सर्जनांनी मात्र ते शिकायला हवे.

आपल्या पहिल्या शंकेवर एक सोपा उपाय आहे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना बेंबीपाशी यंत्र धरून आईंना खोल श्वास घ्यायला सांगण्याची विनंती करा. आतडे मोकळे असेल तर श्वासाबरोबर ते पोटाच्या भिंतीखाली वर-खाली सरकताना दिसते. चिकटलेले असेल तर भिंतीबरोबर जागीच राहते. याने शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण छेद बेंबीच्या कोणत्या बाजूला घ्यावा, हे ठरवायला चांगली मदत होते आणि वेगळा खर्चही सहसा येत नाही.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे, कारण आतड्याच्या इजांपैकी बऱ्याच इजा त्या वेळी खरोखरच लक्षात येत नाहीत. या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण रोज आदल्या दिवसापेक्षा बरा दिसायला हवा. खांद्यात दुखणे, बेंबीपाशी हुळहुळणे, एक-दोन दिवस भूक नसणे हे चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, पोट फुगले, ताप आला, नाडी सतत शंभराच्या वर राहिली किंवा उलट्या थांबेनात, तर फोनवर गोळी विचारून घेऊ नका, सरळ रुग्णालयात जा. “गॅस धरला असेल” असे म्हणून घरी काढलेला एक दिवस फार महागात पडतो. पित्तनलिकेला इजा झाली असेल तरी लक्षणे बरीचशी अशीच असतात. तिचे प्रमाण हजारात तीन ते पाच, म्हणजे पहिल्या छिद्राच्या इजेपेक्षा जास्त आहे. त्यामुळे “नलिका आणि धमनी स्पष्ट ओळखल्याशिवाय आपण क्लिप लावत नाही ना?” हा प्रश्नही सर्जनांना अवश्य विचारा.

आणखी एक गोष्ट उशिरा दिसते. जखम भरून तीन-चार आठवडे झाल्यावर बेंबीपाशी गाठ येऊन पाणी वाहू लागले, तर ते साधे पिकणे समजून नेहमीच्या प्रतिजैविकाचे एकामागून एक कोर्स करू नका. नीट निर्जंतुक न झालेल्या किंवा रसायनातून काढून साध्या पाण्याने धुतलेल्या उपकरणांवाटे क्षयरोगाच्या जातकुळीतले काही जंतू तेथे पोहोचतात आणि त्यांवर नेहमीची औषधे चालत नाहीत. आपल्या देशात हे पुरेसे वेळा घडलेले आहे, म्हणून उपकरणे कशी निर्जंतुक करता, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

राहिला हर्नियाचा मुद्दा. बेंबीचे छिद्र दहा मिलिमीटरचे असते आणि पित्ताशय बाहेर काढताना ते बहुधा थोडे वाढवावे लागते, म्हणून तेथील पांढरे आवरण शिवलेच पाहिजे, केवळ त्वचेचा टाका पुरत नाही. शस्त्रक्रिया संपवण्यापूर्वी मी कॅमेरा वरच्या छिद्रातून घालून बेंबीचे छिद्र आतून पाहतो. नळीशेजारी आतड्याचा एखादा वळसा चिकटलेला असेल, किंवा आत शिरताना तो आरपार टोचला गेला असेल, तर बेंबीतूनच पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ते कधीच दिसत नाही. आपले सर्जन हे करतात का, तेवढे विचारून घ्या. याला अर्धे मिनिटही लागत नाही.